कमी खपाच्या यादीतलं नागलीचं पीठ: नाशिकमधल्या एका सुपरमार्केटचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या गंगापूर रोड भागात दोन भावांचं एक सुपरमार्केट आहे. मूळ दुकान वडिलांचं, रविवार कारंजाच्या बाजूला, गोणीतून मोजून देणारं. मुलांनी ते स्वयंसेवा पद्धतीचं केलं, ट्रॉल्या आल्या, बारकोडवर बिलं व्हायला लागली, पुढे पाथर्डी फाट्याकडे दुसरी शाखाही निघाली. दुकानाची ओळख पटू नये म्हणून जागांचे आणि माणसांचे काही तपशील मी बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत. लहान-मध्यम दुकानांच्या मालाचं नियोजन हे माझं काम. थोरल्या भावांनी मला २०२४ च्या जुलैत बोलावलं, तेव्हा निम्मं प्रकरण घडून गेलेलं होतं.

सुरुवात त्याआधीच्या वर्षात आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. त्या वर्षी कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी नाचणीची बिस्किटं, ज्वारीचे नूडल्स, भरडधान्याचं झटपट इडली-डोशाचं पीठ घेऊन दुकानात फेऱ्या मारत होते. धाकट्या भावांनी दर्शनी भागात ‘मिलेट्स’ अशी पाटी लावून एक अख्खा रॅक उभा केला. रॅक भरलेला दिसावा म्हणून पिठांच्या कपाटातलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, बाजरीचं पीठ, ज्वारीचं पीठ आणि वरईचे तांदूळ, म्हणजे भगर, हेही तिथे हलवलं. वर्षानुवर्षं ठरलेल्या घरांत जाणारा माल आणि हौसेनं मागवलेला नवा माल अशा रीतीनं एका पाटीखाली आला. त्या वेळी ही फक्त जागेची अदलाबदल होती. माझ्या मते पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथेच आहे.

नागली हे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांचं पीक. पावसाळ्यात लावणी, दिवाळीच्या आगेमागे काढणी. शहरातल्या अनेक घरांत आजही नागलीची भाकरी किंवा सकाळी नागलीची आंबील असते. बाळाला खीर, आजारातून उठलेल्याला पेज, मधुमेहामुळे भात कमी केलेल्यांना भाकरी, असे तिचे गिऱ्हाईक ठरलेले. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट, त्यामुळे डॉक्टरही ती खायला सांगतात. या दुकानात हे पीठ पेठ तालुक्यातल्या एका महिला बचत गटाकडून यायचं. पाकिटाची छपाई साधी, पण अन्न परवान्याचा क्रमांक, दळल्याची तारीख, किंमत आणि संपर्काचा फोन नियमाप्रमाणे छापलेला. त्या फोनक्रमांकाचा पुढे संबंध आहे.

वस्तू कमी करायचं का ठरलं

२०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत दुकानाचा नफा आक्रसला होता. तेल, साबण, डिटर्जंट, चहा हा घाऊक खपाचा माल लोक मोठ्या साखळी दुकानातून सवलतीत आणायला लागले होते. दूध, ब्रेड, बिस्किटं दहा मिनिटांत घरपोच मिळायला लागली होती. दुकानात साडेसहा हजारांच्या आसपास वेगवेगळ्या वस्तू होत्या आणि कर्जावर घेतलेलं भांडवल त्यात अडकलं होतं.

धाकट्या भावांचं म्हणणं असं: वस्तू कमी ठेवायच्या, पण ज्या ठेवू त्या कधीच संपू द्यायच्या नाहीत. हा विचार चुकीचा नव्हता, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी त्यांनाच दोष दिला. न खपणारी वस्तू फुकट बसत नाही. ती कपाटाची जागा अडवते, तिच्यावर पैसा अडकतो, तिची मुदत कोणीतरी तपासत बसावी लागते. मोठ्या कंपनीचा वितरक मुदत संपलेला माल बऱ्याचदा परत घेतो किंवा पुढच्या बिलात वळता करतो. लहान पुरवठादाराला ते परवडत नाही, तिथे तोटा दुकानदाराच्याच खिशातून जातो. बाजरीच्या पिठासारखा माल तर लवकर कडवट होतो. त्यात तेलाचं प्रमाण जास्त असतं आणि एकदा दळलं की ते खवट व्हायला सुरुवात होते. असं पीठ दोन महिने कपाटात ठेवून विकणं हा ग्राहकावरच अन्याय आहे.

म्हणजे छाटणी हवीच होती. प्रश्न कोणत्या कसोटीवर छाटायचं, हा होता.

यादी कशी तयार झाली

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांचा अहवाल काढला गेला. ज्या वस्तूचे महिन्याला सरासरी पंचवीसपेक्षा कमी नग गेले, ती यादीत. चारशेच्या आसपास वस्तू निघाल्या. एका रविवारी रात्री दुकान बंद झाल्यावर भाऊ आणि मॅनेजर बसले, तासाभरात यादीवर सह्या झाल्या आणि पुरवठादारांना फोन गेले. चारशे वस्तूंना एक तास, म्हणजे एका वस्तूच्या वाट्याला काही सेकंद.

जुलैत मी तोच अहवाल पुन्हा काढून पाहिला, तेव्हा त्यात तीन दोष दिसले. तिन्ही दोष कुठल्याही दुकानात होऊ शकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला दोष काळाचा. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे संक्रांत झाल्यानंतरचा आणि श्रावणाच्या आधीचा काळ. बाजरीचं पीठ भोगीपर्यंत जोरात जातं, होळीनंतर बाजरी उष्ण पडते म्हणून लोक ती बंद करतात. उपवासाची भाजणी, शिंगाड्याचं पीठ, राजगिऱ्याचं पीठ यांचा खरा खप आषाढी एकादशीपासून नवरात्रापर्यंतचा. महाशिवरात्रीचे दोन-तीन दिवस सोडले, तर या तीन महिन्यांत त्यांना कोणी विचारत नाही. ज्या वस्तूचा हंगामच नाही तिला त्या हंगामात मोजलं गेलं.

दुसरा दोष रिकाम्या कपाटाचा, आणि तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. सॉफ्टवेअरला विक्री दिसते, मागणी दिसत नाही. माल शिल्लक नसेल तर विक्री शून्य, आणि शून्य विक्री म्हणजे कोणाला नको आहे, असा अर्थ लावला गेला. नागलीच्या पिठाचं नेमकं हेच झालं. जानेवारी ते एप्रिल हा दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षतोडणीचा हंगाम. पेठ-सुरगाण्याकडची कितीतरी कुटुंबं त्या काळात द्राक्षबागांवर मजुरीला येऊन राहतात. बचत गटातल्या निम्म्या बायका बागांवर होत्या, गावात दळायला आणि पाकिटं भरायला माणसं नव्हती, त्यामुळे माल कमी आला. खरेदी नोंदवही पाहिली तर त्या तीन महिन्यांत मिळून जवळजवळ पाच आठवडे नागलीचा खण रिकामा होता. दरवर्षी हेच होतं, हे वडिलांच्या काळातल्या जुन्या नोकराला ठाऊक होतं. तो म्हणाला, “काका तर पौषातच दोन गोण्या जास्तीच्या घेऊन ठेवायचे.” त्या रविवारच्या बैठकीत त्याला बोलावलेलं नव्हतं.

तिसरा दोष नोंदणीचा. गटानं मध्ये पाकीट बदललं, नवा बारकोड आला, पण जुना कोड बंद केला गेला नाही. शिवाय एक किलोचं पाकीट वेगळं. एकच पीठ तीन ओळींत विभागलं गेलं आणि तिन्ही ओळी पंचवीसच्या खाली राहिल्या. माल पूर्ण असतानाच्या महिन्यांत तिन्हींची बेरीज चाळीस पाकिटांच्या वर जात होती. म्हणजे दुकानानं स्वतः ठरवलेल्या कसोटीवरही हे पीठ यादीत यायला नको होतं.

अडचण कशी उघड झाली

मे महिन्यात उरलेला माल काउंटरजवळच्या टोपलीत अर्ध्या किमतीला ठेवला गेला. पाटी होती फक्त ‘५०% सूट’. कुठली वस्तू कायमची बंद होते आहे, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. नेहमीच्या ग्राहकांना वाटलं मुदत संपत आली असेल, म्हणून ज्यांना तो माल खरोखर हवा होता त्यांनीच तो घेतला नाही.

जूनमध्ये विचारणा सुरू झाली. काउंटरवरच्या मुलांना काय उत्तर द्यायचं ते कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आपापलं सोपं उत्तर शोधलं: “कंपनीकडूनच येत नाही आता.” मुलांनी हे खोटेपणानं केलं असं मला वाटत नाही. वाद टाळायचा असला की माणूस असंच बोलतो. पण एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी जुनं पाकीट होतं. त्यांनी त्यावरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून गटाच्या ताई म्हणाल्या, “आम्ही द्यायला तयार आहोत हो, दुकानच घेत नाही.”

बाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या. त्यांचं बोलणं थोरल्या भावांनी मला जसंच्या तसं सांगितलं: “तुम्हाला ठेवायचं नसेल तर नका ठेवू, दुकान तुमचं आहे. पण मला खोटं कशाला सांगितलं? तुमच्या वडिलांपासून इथे येतेय मी.” त्यांची तक्रार पिठाच्या पुढे गेली होती.

आषाढी एकादशी १७ जुलैला होती. आदल्या दोन दिवसांत शिंगाड्याचं पीठ आणि उपवासाची भाजणी विचारायला लोक आले, खण रिकामे दिसले, आणि साबुदाणा, शेंगदाणे, भगर हा सगळा उपवासाचा बाजारच त्यांनी दुसरीकडून नेला. त्या आठवड्यात साबुदाण्याची विक्री आदल्या वर्षापेक्षा बरीच कमी झाली, आणि साबुदाणा तर पहिल्या पंधरा वस्तूंत मोडणारा माल. इथे भावांच्या प्रथम लक्षात आलं की काढून टाकलेली वस्तू आपल्याबरोबर न काढलेल्या वस्तूही घेऊन जाते.

तिसरी घटना एका आईची. त्यांच्या मुलाला सीलिअ‍ॅक आजार आहे. या आजारात गहू आणि जवातलं ग्लुटेन आतड्याला इजा करतं आणि आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हाच उपचार असतो. त्या दर महिन्याला ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापलेलं सीलबंद ज्वारीचं पीठ नेत. तेही यादीत गेलं होतं. धाकट्या भावांनी मनापासून मदत म्हणून सुचवलं, “ताई, आपल्या चक्कीवर ताजी ज्वारी दळून देतो.” त्यांनी नकार दिला, आणि तो योग्यच होता. त्याच चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडचा अन्न सुरक्षा नियम आहे. चक्कीच्या दगडात अडकलेलं गव्हाचं पीठ ती मर्यादा सहज ओलांडतं. दुकानाच्या नजरेत सीलबंद ज्वारीचं पीठ आणि दळलेली ज्वारी या एकमेकींच्या जागी चालणाऱ्या वस्तू होत्या. त्या घरासाठी नव्हत्या.

कोणते पर्याय समोर होते

मी गेले तेव्हा भावांमध्ये दोन टोकं पडली होती. थोरले म्हणत होते, सगळं परत आणू, माणसं दुखावली आहेत. धाकटे म्हणत होते, थोडी कुरकुर होणारच, दोन महिन्यांत लोक विसरतात. दोघांच्या म्हणण्यात काही ना काही खरं होतं. चारशेपैकी बहुतेक वस्तूंबद्दल खरोखरच कोणी एक शब्द विचारला नव्हता. ज्वारीचे नूडल्स आणि नाचणीची क्रीम बिस्किटं यांची आठवणही कोणाला राहिली नव्हती. सगळं परत आणणं म्हणजे तो अडकलेला पैसा पुन्हा अडकवणं होतं.

धाकट्यांचा मधला तोडगा सुट्या विक्रीचा होता. नागली, वरई गोणीत ठेवायची, ग्राहकानं हवी तेवढी घ्यायची. पाकिटबंद, लेबल लावलेल्या पिठा-धान्यावर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे आणि सुट्यावर नाही, त्यामुळे भावही थोडा उतरला असता. वरईच्या तांदळाला हे चालण्यासारखं होतं. पिठाला मला ते पटलं नाही. उघड्या पिठात किडे लवकर होतात, दळल्याची तारीख राहत नाही, आणि लोक ते पीठ बाळाच्या खिरीसाठी नेतात. उपवासाच्या दिवसांत सुट्या भगरीच्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचत असतोच.

मागणीनुसार मागवून देण्याचा आणखी एक पर्याय होता: ग्राहकानं नाव लिहायचं, आठवड्याच्या ठरलेल्या वारी माल यायचा. कपाट अडत नाही, मुदतीची भीती नाही. पण त्यासाठी ग्राहकाला दोनदा यावं लागतं आणि दुकानाला शब्द पाळावा लागतो. पहिल्याच खेपेला माल आला नाही तर उरलासुरला विश्वासही जातो.

या सगळ्यातून निवड करायला आमच्याकडे एक कसोटी कमी होती. वस्तू किती खपते हे माहीत होतं, ती कोण नेतं हे पाहिलेलं नव्हतं.

ती माहिती दुकानातच पडून होती. पॉइंट जमा होण्यासाठी बहुतेक ग्राहक बिलावर फोन क्रमांक देतात. मागच्या वर्षभरात नागलीचं पीठ एकाहून अधिक वेळा नेणारी घरं एकतीस निघाली. नावं न पाहता फक्त त्यांची महिन्याची बिलं पाहिली. ती दूध-ब्रेडसाठी धावत येणारी घरं नव्हती. महिन्याची यादी घेऊन येणारी, सरासरी सहा हजारांचा किराणा भरणारी होती. आता हिशेब मांडा. पाकिटामागे दहा रुपये सुटतात, चाळीस पाकिटांचे महिन्याला चारशे. तेवढ्या जागेत कुकीज ठेवल्या तर यापेक्षा नक्कीच जास्त सुटतील. पण सहा हजारांच्या किराण्यावर बारा टक्के धरले तर एका घरामागे सातशेवीस रुपये सुटतात. म्हणजे पिठापायी एक घर जरी दुसऱ्या दुकानात गेलं, तरी पिठाच्या पूर्ण महिन्याच्या नफ्यापेक्षा जास्त नुकसान.

जूनमध्ये एकतीसपैकी सात घरांचं एकही बिल नव्हतं. सातही पिठापायी गेली असं म्हणणं चूक ठरलं असतं, कारण जूनच्या मध्यापर्यंत सुट्ट्या असतात, लोक गावी असतात. म्हणून थोरल्या भावांनी स्वतः फोन केले. चार घरं खरंच बाहेरगावी होती. तीन घरांनी दुकान बदललं होतं, त्यातल्या दोघांनी कारण सांगितलं: “एका फेरीत सगळं मिळत नाही आता.”

या फोननंतर धाकटे भाऊ सगळ्या वस्तूंचा असाच हिशेब मागायला लागले.

काय केलं

पहिलं काम वहीचं. प्रत्येक काउंटरवर एक साधी वही ठेवली: ‘मागितलं, नव्हतं’. वस्तू, तारीख, आणि ग्राहकाची तयारी असेल तर फोन. ‘कंपनीकडून येत नाही’ हे उत्तर बंद झालं. मुलांना सांगितलं, खरं असेल ते बोला: “आम्ही ठेवणं बंद केलंय, तुम्हाला हवं असेल तर लिहून घेतो.” मुलांना सुरुवातीला भीती वाटली की लोक भांडतील. तसं फारसं झालं नाही.

मग चारशेची यादी नव्यानं वाचली. हंगामी वस्तू बाजूला काढून त्यांना वर्षाच्या विक्रीवर मोजलं. खण रिकामा असलेले दिवस वजा करून सरासरी काढली. एकाच मालाचे दोन-तीन कोड एकत्र केले. एवढ्या तीन दुरुस्त्यांनीच पन्नासच्या आसपास वस्तू यादीतून बाहेर आल्या, ग्राहकांचा विषय न काढता.

उरलेल्यांपैकी ज्यांची वहीत नोंद झाली त्यांच्यापुरता एकच प्रश्न विचारला: ही नसेल तर घेणारा दुसरं काय घेईल? फरशी पुसायच्या द्रावणाचा लिंबाचा वास नसेल तर तो दुसरा वास घेईल, ती वस्तू गेली तरी चालते. मधुमेह असलेल्या आजोबांना नागलीऐवजी मैद्याची खारी चालणार नाही. जिथे पर्याय नव्हता आणि घेणारं घर नियमित होतं, ती वस्तू ठेवायची असं ठरलं. मिलेटचा रॅक मोडला. नागली, ज्वारी, वरई परत पिठांच्या कपाटात, गव्हाच्या पिठाशेजारी, डोळ्यांच्या उंचीच्या एक खण खाली गेली. जागा आधीपेक्षा कमी, प्रत्येकाला एकाच रांगेची.

सर्वांत अवघड होतं बचत गटाशी पुन्हा बोलणं. मे महिन्यात त्यांना फक्त फोनवर “सध्या नको” असं सांगितलं गेलं होतं, आणि आधीच्या मालाचे पैसे अडीच महिने थकले होते. गटाची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे हा २००६ च्या कायद्याचा नियम मी भावांसमोर ठेवला. पण खरं सांगायचं तर नियमापेक्षा गटाच्या ताईंच्या बोलण्याचा परिणाम जास्त झाला. त्या म्हणाल्या, “दादा, नागली आम्ही शेतकऱ्याकडून रोखीनं घेतो. तुमच्याकडे तीन महिने अडकले तर पुढचं दळायचं कशानं?” माल उतरला की त्याच दिवशी पैसे, असं ठरलं. त्या बदल्यात गटानं अर्धा किलोचं एकच पाकीट आणि एकच बारकोड ठेवायचं मान्य केलं. द्राक्षांच्या हंगामाआधी, पौषात, जास्तीचं धान्य दुकानानं घ्यायचं आणि गावात माणसं असतील तसं दळून मागवायचं, हेही ठरलं.

मागणीनुसार मागवायची यादी वीसेक वस्तूंची झाली. माल दर गुरुवारी. आला नाही तर बुधवारीच फोन करून कळवायचं, ही जबाबदारी एका नावानं एका मुलीवर सोपवली.

परिणाम

नवरात्रापर्यंत उपवासाचा माल वेळेवर लागला आणि साबुदाण्याची विक्री पूर्ववत झाली. नागलीचं पीठ पूर्वीइतकंच जातं, वाढलेलं नाही. ते वाढावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. बाजरीचं पीठ आता फक्त मार्गशीर्ष-पौषात येतं, लहान पाकिटांत, दर आठवड्याला ताजं, आणि कडवट पिठाची तक्रार थांबली. चारशेपैकी तीनशेच्या आसपास वस्तू गेल्या त्या गेल्याच. अडकलेल्या भांडवलाचा मोठा भाग मोकळा झाला, म्हणजे धाकट्या भावांचा मूळ हेतू बराचसा साधला.

काही गोष्टी जमल्या नाहीत. दुकान बदललेल्या तीन घरांपैकी एकच परत आलं. निवृत्त शिक्षिका येतात, पण महिन्याची यादी आता त्या दोन दुकानांत वाटतात. गटानं मधल्या दोन महिन्यांत दुसऱ्या एका दुकानाशी बोलणं केलं होतं, त्यामुळे भाव पाकिटामागे तीन रुपयांनी वाढवून द्यावा लागला.

वहीचाही एक धडा मिळाला. लाल दंतमंजन आणि कपड्यांची निळ यांच्यासाठी वहीत भरपूर नोंदी होत्या, म्हणून दोन्ही परत आणली. चार महिन्यांत दोन्ही जवळजवळ तशीच राहिली. लोकांना ती दुकानात असावी असं वाटत होतं, घरी न्यायची गरज उरलेली नव्हती. या वेळी मात्र बंद करण्याआधी महिनाभर खणावर चिठ्ठी लावली: ‘हा माल ३१ तारखेनंतर मिळणार नाही. हवा असल्यास काउंटरवर सांगा.’ तिघांनी सांगितलं. त्यांच्यासाठी निळ आता गुरुवारच्या यादीत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

निर्णयाचे चार क्षण होते असं मला दिसतं, आणि त्यांचं वजन सारखं नाही.

रॅकची पाटी हा पहिला. जुना माल नव्या मालात मिसळला नसता, तर मिलेटच्या लाटेबरोबर तो वर गेला नसता आणि खालीही आला नसता. पण हे आधी ओळखणं कठीण होतं, त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही.

अहवालाचा काळ हा दुसरा. तीन महिन्यांऐवजी वर्षभराचा अहवाल काढायला सॉफ्टवेअरमध्ये एक तारीख बदलावी लागते. हे सहज टाळता आलं असतं. रिकाम्या खणाचे दिवस वजा करणं त्यापेक्षा जिकिरीचं आहे, कारण बहुतेक दुकानांत शिल्लक मालाची नोंद रोजच्या रोज बरोबर नसते. तिथे सॉफ्टवेअरपेक्षा खण लावणाऱ्या माणसाला विचारणं खात्रीचं. जुन्या नोकराला त्या रविवारी तासभर बसवून घेतलं असतं, तर द्राक्षांच्या हंगामाचा मुद्दा तिथेच निघाला असता.

चारशे वस्तू एकदम काढणं हा तिसरा क्षण. भाऊ म्हणतात, थोड्या थोड्या काढल्या असत्या तर कधीच संपलं नसतं. मला त्यांचं म्हणणं समजतं, तरी पन्नास-पन्नासच्या टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्यानंतर तीन आठवडे वही चालवून काढल्या असत्या, तर पहिल्या टप्प्यातल्या चुका दुसऱ्यात झाल्या नसत्या. काम डिसेंबरपर्यंत लांबलं असतं, एवढंच.

चौथा क्षण ग्राहकाला सांगण्याचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान इथे झालं. वस्तू बंद करण्याचा दुकानाला पूर्ण अधिकार आहे आणि बहुतेक ग्राहक तो मान्य करतात. खणावरच्या एका चिठ्ठीला काही खर्च येत नाही. ती मे महिन्यात लागली असती, तर ज्यांना पीठ हवं होतं त्यांनी टोपलीतलं नेलं असतं, बोलले असते, आणि यादीतली चूक जूनऐवजी मेमध्येच कळली असती.

सीलिअ‍ॅक असलेल्या मुलाच्या आईचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ग्लुटेनमुक्त ज्वारीच्या पिठाचा वितरक वीस पाकिटांच्या पेटीखाली माल देत नाही. घरं दोनच आहेत आणि मुदत चार महिन्यांची. आई आता थेट उत्पादकाकडून मागवतात, त्यावर कुरिअरचा खर्च वेगळा. गंगापूर रोड आणि पाथर्डी फाटा या दोन्ही शाखांत मिळून पेटी वाटून घ्यायची आणि शहरातल्या आहारतज्ज्ञांकडे असं पीठ मिळत असल्याची चिठ्ठी ठेवायची, असं सध्या ठरलं आहे. चार घरं मिळाली तर पेटी मुदतीत संपते. पाथर्डी फाट्याच्या शाखेची कमी खपाची यादीही आता निघते आहे, आणि ती वर्षभराच्या विक्रीवर निघते आहे. तिथल्या बैठकीला खण लावणारी दोन्ही मुलं बसणार आहेत.